रानाचा जमाखर्च आणि घरबसली उमेदवारी

उमेदवारी हा शब्द मराठी घरांना जुना आहे. सावकाराच्या पेढीवर, वकिलाच्या कचेरींत किंवा छापखान्यांत मुलगा कामास लागे तो प्रथम उमेदवार म्हणून. पगार बहुधा नसे. असलाच तर तो नांवापुरता असे. सकाळीं बैठक झाडावी, दौतींत शाई भरावी आणि दिवसभर मुनिमाच्या शेजारीं बसून कीर्द कशी लिहितात, खतावणी कशी घालतात हें पाहावें, असा त्याचा क्रम असे. समोर बसवून धडा कोणी देत नसे. तरीहि कोणाचा शब्द पक्का, कोणाची हुंडी घेतांना दोनदां विचार करावा, हें तो त्या बैठकीवरच शिके. कारण आंकडा वहींत उतरण्यापूर्वीं माणूस दारांत येई आणि उमेदवाराला त्याचें तोंड दिसे.

हल्लीं या उमेदवारीला एक नवें रूप आलें आहे. शहरांतील सुशिक्षित घरांत पदवीच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा खोलीचें दार लोटून संगणकापुढें बसलेला असतो. कॉलेजला सुटी असते, तरी त्याचें काम चालूच असतें. विचारावें तर उत्तर मिळतें, 'इंटर्नशिप'. संस्था एका देशांत, काम तपासणारा वरिष्ठ दुसऱ्या देशांत, आणि ज्या रानासंबंधीं काम चाललें आहे तें तिसरीकडेच. कामाचें नांवहि भारदस्त असतें: जैवविविधतेचें अर्थकारण आणि शाश्वत विकास. घरांतील वडील माणसांना येथें दोन शंका येतात. रानाचा आणि पैशाचा हा संबंध कोणता? आणि घरीं बसून होते ती उमेदवारी कसली? दोन्ही शंका रास्त आहेत, आणि दोन्हींचा विचार वेगवेगळा झाला पाहिजे.

प्रथम पहिली शंका. डोंगरावरचें रान पावसाचें पाणी अडवून खालच्या विहिरींना पुरवितें. खाडीकांठची तिवरांची झाडी लाटांचा जोर मोडते. मधमाशा व फुलपांखरें यांच्या येण्याजाण्यानें पिकांना फळ धरतें. या चाकरीचें बिल कोणी कोणाला पाठवीत नाहीं, म्हणून सरकारी अंदाजपत्रकांत ती दिसत नाहीं. रान तोडलें म्हणजे लांकडाची किंमत मात्र त्याच वर्षीं जमेस धरली जाते. जमा तेवढी लिहावी आणि घट लिहूंच नये, अशी ही वही आहे. ती कांहीं वर्षें फायद्याची दिसते, आणि मग एका उन्हाळ्यांत विहीर आटते.

ही वही दुरुस्त करावी, असा विचार जगांत हळूहळू रुजला. सन १९८७ मध्यें नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुंटलंड यांच्या अध्यक्षतेखालील आयोगानें शाश्वत विकासाची कल्पना मांडली. चालू पिढीनें आपल्या गरजा भागवाव्या, परंतु पुढील पिढ्यांच्या गरजांचा मार्ग बंद करूं नये, असा तिचा आशय होता. सन १९९२ मध्यें रिओ येथील परिषदेंत जैवविविधतेसंबंधींचा जागतिक करार सह्यांसाठीं खुला झाला. तो २९ डिसेंबर १९९३ पासून अमलांत आला. भारतानें त्यास अनुसरून सन २००२ मध्यें जैविक विविधता कायदा केला. पुढें डिसेंबर २०२२ मध्यें मॉन्ट्रियल येथें सर्व राष्ट्रांच्या बैठकींत पैशाचे आंकडेहि ठरले. जीवसृष्टीच्या रक्षणासाठीं दरसाल लागणारा पैसा आणि प्रत्यक्ष मिळणारा पैसा यांत सुमारे ७०० अब्ज डॉलरांची तूट आहे, असें तेथें मान्य करण्यांत आलें. ही तूट सन २०३० पर्यंत कशी भरून काढावयाची, याचा जो हिशेब मांडला गेला तो लक्षांत ठेवण्यासारखा आहे. दरसाल किमान २०० अब्ज डॉलर उभे करावयाचे. आणि निसर्गाला अपाय करणाऱ्या सवलती व अनुदानें दरसाल किमान ५०० अब्ज डॉलरांनीं कमी करावयाचीं. म्हणजे तुटीच्या सात वांट्यांपैकीं पांच वांटे उधळपट्टी आवरून मिळावयाचे आहेत. समुद्रांतील मासळी संपत आली असतां बोटींच्या इंधनाला सूट द्यावयाची, किंवा भूजल खोल जात असतां पंपाची वीज फुकट द्यावयाची, आणि दुसऱ्या हातानें निसर्गरक्षणास देणगी द्यावयाची, हा व्यवहार कोणत्याहि गृहिणीला आपल्या घरांत चालूं द्यावासा वाटणार नाहीं.

कांहीं देशांनीं हा जमाखर्च प्रत्यक्ष बदलून पाहिला आहे. मध्य अमेरिकेंतील कोस्टारिका या लहानशा देशांत गुरांच्या कुरणांसाठीं रानें बेसुमार तोडलीं गेलीं होतीं. तेथें सन १९९६ मध्यें वनांचा नवा कायदा झाला आणि पुढील वर्षापासून, जो जमीनमालक आपलें रान राखील त्याला सरकार त्याबद्दल पैसे देऊं लागलें. कायद्यानें रानाच्या चार चाकऱ्या मानल्या: हवेंतील कर्बवायू शोषून घेणें, पाणी राखणें, जीवजातींना आसरा देणें आणि सृष्टिसौंदर्य टिकविणें. पैसा मुख्यतः इंधनावरील करांतून आला. आज त्या देशाच्या निम्म्याहून अधिक भूमीवर रान आहे. त्याचें सर्व श्रेय या एका योजनेला देतां येणार नाहीं, कारण वृक्षतोडीवरील बंदी आणि गुरांच्या धंद्यांतील मंदी यांचाहि त्यांत वांटा आहे. परंतु राखलेल्या रानालाहि मोल आहे ही गोष्ट तेथील शेतकऱ्याच्या पदरीं पैशाच्या रूपानें पडली. हिंदी महासागरांतील सेशेल्स या द्वीपराष्ट्रानें निराळी वाट धरली. सन २०१६ मध्यें त्यानें आपल्या परदेशी कर्जापैकीं सुमारे २ कोटि १६ लक्ष डॉलरांची फेररचना करून घेतली आणि त्या मोबदल्यांत आपल्या सागरी हद्दीचा ३० टक्के भाग राखीव करण्याचें वचन दिलें. सन २०२० मध्यें तें पुरें झालें.

महाराष्ट्राबाहेर दूर पाहावयास नको असेल, तर गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यांतील मेंढा-लेखा हें लहानसें गोंड गांव पाहावें. त्याच्या भोंवतालचें बांबूचें रान वर्षानुवर्षें कागदगिरणीच्या उपयोगीं पडत होतें. गांवाच्या वांट्याला येई ती तोडणीची मजुरी. सन १९२७ च्या वन कायद्याच्या लेखीं बांबू हें झाड होतें आणि झाडावर मालकी सरकारची होती. सन २००६ च्या वनहक्क कायद्यानें बांबूला गौण वनोपज म्हटलें आणि तें गोळा करून विकण्याचा हक्क गांवाला दिला. सन २००९ मध्यें मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर रानावरील सामुदायिक हक्काचा कागद मिळाला. तरीहि वाहतुकीचा परवाना वन खात्याच्याच हातीं राहिल्यामुळें बांबू गांवाबाहेर जाईना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजीं परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झालें आणि गांवानें आपला बांबू आपण विकला. झाड कीं गवत, या एका शब्दावर कित्येक वर्षांची कमाई अडून राहिली होती. जमाखर्चांत सदराच्या नांवाला केवढें महत्त्व असतें, हें यावरून कळावें.

आतां दुसरी शंका: यांत घरीं बसलेल्या उमेदवाराचें काम कोणतें? सन २०१२ मध्यें हैदराबाद येथें जैवविविधता कराराची जागतिक परिषद भरली असतां संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमानें 'बायोफिन' नांवाचा एक उपक्रम सुरू केला. त्याची पद्धति चार पायऱ्यांची आहे. देशाचे कायदे व धोरणें तपासावयाचीं. जीवसृष्टीवर आज कोण किती खर्च करितो तें काढावयाचें. किती लागेल याचा अंदाज करावयाचा. आणि मधली तूट भरण्याची योजना आंखावयाची. यांपैकीं दुसरी पायरी फार कष्टाची. अंदाजपत्रकांत 'जीवसृष्टि' असें एकच सदर नसतें. कृषि, जलसंधारण, मत्स्यव्यवसाय, रस्ते, नगरविकास अशा शेंकडों सदरांतून खर्च वेंचून काढावा लागतो आणि प्रत्येक खर्चाचा किती टक्के भाग निसर्गाच्या कामीं आला असें मानावें, तें ठरवावें लागतें. वाघाच्या राखीव रानाचा खर्च जवळजवळ सगळा धरावा, पण नालाबंडिंगाचा? त्याचा मुख्य हेतु शेतीला पाणी हा असतो. कोणी त्यांतला पांचवा हिस्सा धरील, कोणी अर्धा. अंदाजपत्रकें वाचणें, रकाने भरणें, टक्के लावणें, नकाशे व अहवाल तयार करणें हें काम संगणकावर होतें. म्हणून तें कोठूनहि करतां येतें, आणि तें बहुधा तरुण उमेदवारांकडे येतें.

या घरबसल्या उमेदवारीचे गुण मोकळ्या मनानें मान्य केले पाहिजेत. सन २०१५ मध्यें जिनिव्हा येथें संयुक्त राष्ट्रसंघाचा एक तरुण बिनपगारी उमेदवार सरोवराकांठीं तंबू ठोकून राहतो, अशी बातमी जगभर गाजली. लोकांचें लक्ष वेधावें हाहि आपला एक हेतु होता, असें त्यानें पुढें सांगितलें. परंतु वेतनावांचून त्या महागड्या शहरांत राहावयाचें म्हणजे घरचा पैसा पाहिजे, ही गोष्ट कांहीं खोटी नव्हती. उमेदवारीचें दार अशा रीतीनें श्रीमंतांच्याच मुलांना उघडें राहत असे. सन २०२० च्या साथींत कचेऱ्या बंद झाल्या आणि घरून काम करण्याची रीत सर्वत्र पसरली. तेव्हांपासून लातूर किंवा चंद्रपूर येथील मुलीलाहि, घरभाडें व विमानाचें तिकीट यांची चिंता न करितां, जगांतील मोठ्या संस्थांचें काम आंतून पाहतां येऊं लागलें. ज्याला चालतां येत नाहीं, जिच्यावर घरीं आजाऱ्याची शुश्रूषा आहे, त्यांनाहि हें दार उघडलें. हा लाभ लहान नाहीं.

असें असूनहि मराठींत एक म्हण आहे: दुरून डोंगर साजरे. या कामांत तिचा उलट अनुभवहि येतो. दुरून कांहीं डोंगर ओसाड दिसतात. सातारा जिल्ह्यांतील कासच्या पठाराचें उदाहरण घ्यावें. उन्हाळ्यांत वरून घेतलेल्या छायाचित्रांत तेथें काळपट कातळ आणि वाळलेलें गवत यांपलीकडे कांहीं दिसत नाहीं. अशा कातळांची व गवताळ माळांची गणना सरकारी नकाशांत पडीक जमिनींत होत आलेली आहे. पावसाळा सरत आला म्हणजे त्याच बोटभर मातींत फुलांचे गालिचे पसरतात. ८५० हून अधिक सपुष्प वनस्पतींची नोंद तेथें झाली आहे, आणि सन २०१२ मध्यें पश्चिम घाटांतील ज्या ३९ स्थळांना जागतिक वारशाचा मान मिळाला त्यांत कास आहे. त्यानंतर माणसांची रीघ लागली. वन खात्यानें व भोंवतालच्या गांवांच्या समित्यांनीं पाहुण्यांची रोजची संख्या बांधून दिली, प्रवेशाची फी बसविली, आणि त्या पैशांतून गांवच्याच तरुणांना राखणीचें काम दिलें. अर्थकारणाचा हा चांगला नमुना होय. पण पठाराभोंवतीं जें तारेचें कुंपण घालण्यांत आलें, त्याची गोष्ट निराळी झाली. कुंपणामुळें गुरें आंत येत नाहींशीं झालीं. गुरें चरलीं नाहींत म्हणजे गवत माजतें आणि गवतांत फुलें गुदमरतात, अशी तक्रार तेथील लोक करूं लागले. अखेर तें कुंपण काढून टाकण्यांत आलें. कुंपणाचा खर्च एखाद्या तक्त्यांत 'निसर्गरक्षण, शंभर टक्के' असा लिहितां आला असता, आणि बेरजेंत कोणालाहि चूक सांपडली नसती.

सोलापूरकडील माळांचीहि कथा अशीच आहे. माळढोक पक्ष्यासाठीं सन १९७९ मध्यें त्या भागांत अभयारण्य झालें. माळढोकाला उघडा माळ लागतो; लांडगा, खोकड, चंडोल हीहि माळाचींच लेंकरें. परंतु हिरवें तें चांगलें या समजुतीनें महाराष्ट्रांतील माळांवर ठिकठिकाणीं गिरिपुष्पासारखीं परकी झाडें लावण्यांत आलीं. वृक्षारोपणाचा खर्च पाहून दूर बसलेला उमेदवार तो जमेच्या बाजूस लिहील, यांत त्याचा दोष नाहीं. मेंढरें घेऊन त्या माळावरून दरसाल जाणाऱ्या धनगराला मात्र विचारलें असतें, तर त्यानें तो खर्च नावें टाकला असता. माळढोक आज महाराष्ट्रांत जवळजवळ दिसेनासा झाला आहे. त्याचीं कारणें अनेक आहेत; पण माळाला पडीक म्हणण्याची संवय त्यांत नाहीं, असें म्हणवत नाहीं.

यापेक्षांहि मोठें उदाहरण देशव्यापी आहे. सन २००२ च्या कायद्यानें प्रत्येक ग्रामपंचायतीला, नगरपालिकेला व महानगरपालिकेला जैवविविधता व्यवस्थापन समिति नेमण्यास सांगितलें आहे. या समितीनें लोकांच्या सहभागानें एक नोंदवही तयार करावयाची: गांवांत झाडें कोणतीं, पिकांचे वाण कोणते, औषधी कोणत्या, पक्षी व मासे कोणते, त्यांचा उपयोग कोण कसा करितो. पुण्याचे शास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनीं या लोकनोंदवहीच्या कल्पनेसाठीं पुष्कळ खटपट केली. नोंदवहीचा पैशाशींहि संबंध आहे. गांवच्या वनस्पतींवर वा तेथील ज्ञानावर कोणी व्यापार केला, तर कायद्यांत सांगितलेल्या प्रसंगीं लाभाचा वांटा स्थानिक लोकांना मिळावयाचा असतो. तो मागतांना हीच वही आधाराला येते. परंतु अनेक वर्षें काम फार सावकाश चाललें, आणि सन २०१९ पर्यंत देशांत अशा वह्या कांहीं हजारच झाल्या होत्या. त्या वर्षीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि ती चुकविणाऱ्या राज्यानें दरमहा १० लक्ष रुपये भरावे असा आदेश दिला. मग चमत्कार झाला! थोड्याच काळांत वह्यांची संख्या अडीच लाखांवर गेली. कांहीं वह्या खरोखर चांगल्या झाल्या. परंतु पुष्कळ ठिकाणीं गांवकऱ्यांना न विचारतां, कचेरींत बसून, एका गांवची यादी दुसऱ्या गांवास लावून काम उरकलें गेल्याची तक्रार अभ्यासकांनीं केली आहे. कागद पुरा झाला आणि गांव बाहेरच राहिलें.

म्हणून या विषयांत मुख्य प्रश्न मुलगा घरीं बसतो कीं कचेरींत, हा नव्हे. परदेशांतील भव्य कचेरींत बसूनहि कासचें कुंपण जमेस लिहितां येतें. टक्का लावणाराला ती जागा ठाऊक आहे काय, आणि ठाऊक नसेल तर ज्याला ठाऊक आहे त्याला विचारण्याची सोय व बुद्धि आहे काय, हा खरा प्रश्न आहे. रकाने भरण्याचें काम आतां यंत्रेंहि झपाट्यानें करूं लागलीं आहेत. त्या कामांत यंत्राहून अधिक किंमत ज्याची राहील, तो उमेदवार माळ पाहून आलेलाच असेल.

मेंढा-लेखा येथें याविषयीं एक चांगली रीत पडली. तेथें गांवकऱ्यांचा अभ्यास गट आहे. बाहेरचा विद्वान आला तर त्याला व्याख्यानाला उभें करण्यापेक्षां गटांत बसवून घेतात. त्याला माहीत असेल तें तो सांगतो, गांवाला माहीत असेल तें गांव सांगतें, आणि निर्णय मात्र ग्रामसभेंत सर्वांच्या संमतीनें होतो. वनहक्काचा कायदा, बांबूचा भाव, वाहतुकीचे नियम हें सारें त्या गटांत बसूनच लोक शिकले. दूरच्या माणसाचें ज्ञान त्यांनीं नाकारलें नाहीं, आणि जवळच्या माणसाचा अनुभवहि वाया जाऊं दिला नाहीं. घरबसल्या उमेदवाराला यांत मोठा बोध आहे. त्याच्या संगणकावर कायदे आहेत, जगाचे आंकडे आहेत. गांवाजवळ रानाची ओळख आहे. दोघांची गांठ पडली तर दोघेहि शहाणे होतील.

ज्या घरांत अशी उमेदवारी चालू आहे किंवा व्हावयाची आहे, तेथील वडीलधाऱ्यांनीं तीन गोष्टी पाहाव्या. काम तपासून चुका दाखविणारा जबाबदार मनुष्य कोण, त्याचें नांव मुलाला ठाऊक असावें. नुसतें प्रमाणपत्र येतें आणि चूक कोणी सांगत नाहीं, तेथें शिक्षण नाहीं. दुसरें, विद्यावेतन मिळत नसेल तर कामाचे तास व मुदत आधीं ठरलेली असावी. आणि काम करण्यासाठीं उलट उमेदवाराकडूनच फी मागितली जात असेल, तर तेथून परत फिरावें. तिसरें, तीन महिन्यांच्या कामांतून निदान आठ दिवस मुलानें त्या विषयाच्या एखाद्या जागीं जाऊन राहावें. आफ्रिकेंतील रानाचा हिशेब करणाऱ्याला आफ्रिकेंत जातां येणार नाहीं हें खरें. पण माळ, खाडी किंवा देवराई ही वस्तु काय असते, तेथें माणसें कशीं जगतात, हें मावळांत किंवा कोंकणांतहि कळतें. तेथें चार दिवस गुराख्यामागें हिंडलेला मुलगा टक्का लावतांना थांबेल, आणि वरिष्ठाला एक प्रश्न जास्त विचारील.

हेंहि जमत नसेल तर एक काम घराजवळच आहे. कायद्याप्रमाणें प्रत्येक शहराची जैवविविधतेची नोंदवही असावयास पाहिजे. मुलानें आपल्या नगरपालिकेंत जाऊन ती पाहावयास मागावी, आणि आपल्या वॉर्डाचें पान काढून रविवारीं सकाळीं त्या गल्ल्यांतून, नाल्याकांठानें, जुन्या वाड्यांच्या परसांतून हिंडावें. वहींत लिहिलेला पिंपळ जागेवर आहे काय? नाल्यावर रोज उतरणारा धीवर वहींत आहे काय? जें चुकलें असेल तें समितीला लेखी कळवावें. त्या पत्राबद्दल कोणी प्रमाणपत्र देणार नाहीं. पण शहराच्या वहींत एक खरी नोंद वाढेल.